साडी-नारळ परत कोणी नेलं?

7 डिसेंबर 2025 ला, रविवारी, चुलत दिरांच्या शेतात भरीत होतं. चंपाषष्ठी झाली की अमळनेर तालुक्यात रविवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या शेतातून धूर निघतोच. चातुर्मासभर वांग्याला हात न लावलेली माणसं तेव्हा सगळी कसर भरून काढतात. वांगी बामणोदकडची, हिरवट-पांढरी, एकेक अशी की एका हातात नीट धरवत नाही. पुरुष मंडळींनी कपाशीच्या काड्यांचा जाळ करून ती भाजली, आपण फार मोठं काम केलं अशा चेहऱ्यानं हात झटकले, आणि पुढचं नेहमीसारखं आमच्याकडे आलं. देठ धरून साल ओढायची, गर ठेचायचा, मिरची-लसूण कुटायचं, कांद्याची पात चिरायची, कळण्याच्या पुऱ्या लाटायच्या. बोटं काळी होतात, धुरानं डोळे चुरचुरतात, आणि तोंड मात्र मोकळं असतं. जाऊबाईंनी मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यावर दुपारपासून एकच बातमी फिरत होती. स्मृतीचं लग्न मोडलं.

मानधना हे आडनाव कुणी घेतलं नाही. 2 नोव्हेंबरला, तुळशीची लग्नं सुरू झाली त्याच दिवशी, नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसानं उशिरा सुरू झालेला तो सामना बाराच्या पुढे संपला तेव्हा आमच्या गल्लीत जे फटाके वाजले ते तुळशीच्या लग्नातले उरलेले होते. त्या रात्रीपासून ती घरातलीच झाली होती. मग संघातल्या मैत्रिणींबरोबर नाचत अंगठी दाखवलेली रील आली, मग हळदीचे फोटो आले, 23 तारखेला सांगलीत लग्न होतं आणि त्याच दिवशी वडिलांची तब्येत बिघडली म्हणून ते पुढे ढकललं. त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या पानावरचे कुठले फोटो आहेत आणि कुठले गेले याचा हिशेब ठेवला. आणि आज तिनंच लिहिलं होतं, लग्न रद्द झालं आहे, दोन्ही घरांना थोडं एकटं राहू द्या, मला देशासाठी खेळत राहायचं आहे. कारण दिलेलं नव्हतं. द्यायचं बंधनही नव्हतं.

आता कारण दिलेलं नाही म्हटल्यावर ते शोधणं आलंच. पुरी लाटणारीकडे एक कारण होतं, तळणारीकडे दुसरं, आणि पात चिरणाऱ्या मुलीनं तर सांगलीतल्या कुणाच्या तरी कुणाकडून ऐकलेलं, अगदी आतलं. त्या गदारोळात खाटेवर बसलेल्या जिजींनी विचारलं. जिजी आमच्या थोरल्या चुलत सासूबाई, ऐंशीला टेकलेल्या, कानानं कमी पण डोळ्यानं तल्लख.

"मंग साडी-नारय मांगे कोन दी उनं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. जाऊबाई म्हणाल्या, "जिजी, ते क्रिकेटवालं लग्न. तिथं साडी-नारळ नसतो." कुणी म्हणालं, "परत द्यायला इन्स्टाग्राम आहे की." हशा ओसरत आला तेव्हा कोपऱ्यातून, वांग्याची साल काढता काढता मान वर न करता, आमच्या गल्लीतल्या मुलीनं उत्तर दिलं. जिजींनी जे विचारलंच नव्हतं त्याचं.

"मना बाप दी उना, जिजी. एसटीमा."

"एकलाच?"

"एकलाच."

"आन मधला?" मधला म्हणजे सोयरीक जुळवणारा.

"तो फोन उचलस नही."

"मंग तो कसाना मधला!" जिजी एवढं म्हणाल्या आणि पुरी किती उरली ते विचारायला लागल्या. भरीत उत्तम झालं होतं, सगळ्यांनी बोटं चाटली, आणि मला रात्रभर झोप नीट लागली नाही. ते तेलामुळे असेल असं नवरा म्हणाला.

त्या मुलीबद्दल सांगायला हवं, नाव न घेता. खानदेशातल्या कुणालाही तिचा चेहरा दाखवला तर तो ओळखील, पुण्या-मुंबईतल्या कुणालाही ओळखता येणार नाही. ती अहिराणी गाण्यांत काम करते. डीजेवर अहिराणी गाणं वाजल्याशिवाय आमच्याकडे आता हळद उतरत नाही, आणि त्यातली काही गाणी यूट्यूबवर कोटींनी पाहिली गेली आहेत, हे नव्यानं सांगायची गरज नाही. पण ती गाणी करतात कशी ते थोड्यांनी पाहिलं असेल. पहाटे एक गाडी येते, त्यात कॅमेरावाला, नाचणारी सहा-सात पोरं, इस्त्री आणि पाण्याचे जार. लळिंगच्या किल्ल्यावर नाहीतर तापीच्या काठावर नाहीतर कुणाच्या कपाशीत दिवसभर उन्हात तेच कडवं पुन्हा पुन्हा नाचायचं. साडी स्वतःची, मेकअप स्वतःचा, जेवण बहुतेक वेळा शेवभाजी. दिवसाचे पैसे हातावर मिळतात आणि तिथं तिचा त्या गाण्याशी संबंध संपतो. गाणं चॅनलवाल्याचं, त्यावरची जाहिरात चॅनलवाल्याची. तिच्याकडे राहतो तो फक्त चेहरा, आणि तो बाजारात तिच्या आधी पोचलेला असतो. भाजी घ्यायला गेली तर पोरं तिच्या पाठीमागे तिचंच गाणं लावतात. ती वळून बघत नाही. कोथिंबीर मात्र तिला जास्त मिळते, हे तीच हसत सांगते.

अहिराणी गाण्यांतली निम्मी तरी लग्नाचीच. त्यामुळे तिनं मुंडावळ्या किती वेळा बांधल्या असतील याला गणती नाही. हळदीनं माखली, बोहल्यावर उभी राहिली, पाठवणीला रडली, आणि संध्याकाळी पिना काढत एसटीनं घरी आली. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तिची खरोखर सुपारी फुटली, साखरपुडा झाला, दारात मांडव पडला, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी झाली, आणि तिच्या कपाळावर कुंकू लावतानाचा फोटो फिरायला लागला, तेव्हा त्याखाली गावोगावच्या लोकांनी विचारलं, "हाई नवं गानं शे का?" तिला ते फार मजेशीर वाटलं होतं. आमच्या ओट्यावर येऊन तिनं मला ते एकेक वाचून दाखवलं होतं, आणि तिच्या आईच्या कपाळावर मात्र आठी होती. खरी गोष्ट खोटी वाटली तर अपशकुन होतो, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

मुलगा धुळ्याकडचा, नाशिकला कारखान्यात नोकरीला. माणसं वाईट होती असं मला म्हणता येणार नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. वाईट माणसांवर लेख लिहायला सोपा असतो. ती तिला बघायला आली तेव्हा मुलाच्या आईनं सांगितलं होतं, आमच्या मोठ्याच्या हळदीला तुझंच गाणं चार वेळा वाजलं. तिच्या नणंदांनी तिच्याबरोबर फोटो काढले ते कौतुकानंच. चार घरांत सांगितलं असणार, "हाई तीच." मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसल्या, सोमवारी निघाल्या. कानबाईच्या मिरवणुकीत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सासू, सून, लेक, मोठ्या घरच्या आणि लहान घरच्या, सगळ्या भर रस्त्यात फुगड्या घालतात, वाजंत्रीपुढे नाचतात, पदर खोचून, घामाघूम होईस्तोवर. कुणी नाव ठेवत नाही, कारण ते देवीचं. आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा एक नवा व्हिडिओ आला, त्यात ती त्याच ठेक्यावर, अंगभर साडीत, कानबाईपुढे नाचलेल्या तिच्या होणाऱ्या सासूपेक्षा कमीच नाचली होती. त्यावर कुणीतरी पोरानं खाली घाण लिहिलं. लिहिणाऱ्याला कुणी काही म्हणालं नाही. फोन हिच्या घरी आला.

आधी "थोडं कमी कर" होतं. मग "लग्नानंतर बघू" झालं. गणपतीपर्यंत "जुनंही काढून टाक" इथवर आलं. आता जुनं काढणार कसं? ते तिचं नाहीच. तिनं चॅनलवाल्याला विचारलंही, तो बिचारा हसला. ज्या गाण्यावर त्याच्या घराचा हप्ता चालतो ते तो का काढील? हे तिकडच्यांना पटलं नाही, त्यांना वाटलं ही टाळते आहे. मला त्यांच्या बाजूनंही एक दिसतं. त्यांना तिची भीती वाटत नव्हती, त्यांना गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलची भीती वाटत होती, आणि त्या पोरांना आवरणं त्यांच्या हातात नव्हतं, तेव्हा जे हातात होतं ते आवरायला निघाले. प्रसिद्ध सून त्यांना हवीच होती. प्रसिद्धीला येणारी माणसं नको होती. शेवटी मुलाचे काका बोलण्याच्या भरात म्हणाले, "आमच्या घरची बाई जगानं पाहिलेली नको." तिचा बाप, एरवी चहाच्या कपालाही दुखवणार नाही असा माणूस, म्हणाला, "जगानं पाहिली म्हणूनच तुम्ही आलात ना?" तिथं संपलं.

खरं तर तिथून सुरू झालं. घटस्थापनेच्या आसपास एका चॅनलवर व्हिडिओ आला, "हिची सगाई तुटली?" प्रश्नचिन्ह टाकलं की सगळं माफ असतं. वर चित्र होतं तिचं रडतानाचं, लाल बाण काढलेलं. ते चित्र मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वीच्या पाठवणीच्या गाण्यातलं होतं, आणि त्यात तिनं डोळ्यांना ग्लिसरीन लावलं होतं. खऱ्या गोष्टीसाठी ती कुणाच्याही कॅमेऱ्यापुढे रडली नव्हती, म्हणून त्यांनी तिचं खोटं रडणं वापरलं. लोकांना फरक पडला नाही. त्या व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांत दोन गट पडले, एक संस्कारवाल्यांचा आणि एक "ताई तू पुढे जा"वाल्यांचा, आणि दुसऱ्या गटाचा तिला पहिल्यापेक्षा जास्त त्रास झाला असं ती म्हणाली. ते तिला फोन करायचे.

जिजींच्या प्रश्नाकडे मी परत परत जाते ते यामुळे. आम्हा सगळ्यांना "का" हवं होतं. जिजींना "कोणी" हवं होतं. ऐकायला जुनाट वाटतं, पण त्यांच्या डोक्यात सोयरीक मोडणं ही बातमी नव्हती, ते एक काम होतं, आणि ते कुणीतरी नीट करायला हवं होतं. माझ्या लहानपणी आमच्या भाऊबंदात एकीची सोयरीक अशीच सुपारी फुटल्यावर मोडली. ती डीएड झाली होती, दूरच्या गावी शाळेत ऑर्डर निघाली, तिकडच्यांना नोकरी सोडायला हवी होती. मला आठवतं ते दिवेलागणीला ओसरीवर बसलेलं माणसांचं रिंगण. दोन्हीकडचे चार-चार जण आणि मधोमध मधला, पांढऱ्या टोपीतला, त्याच्यापुढे साडी, अंगठी, ताट, जोडवी, सगळं मांडलेलं. एकेक वस्तू नाव घेऊन मोजली. फुटलेल्या नारळाचे पैसे कुणी द्यायचे यावर थोडी घासाघीस झाली, मग मधल्यानं स्वतःच्या खिशातून रुपया काढून ठेवला. शेवटी चहा झाला, आणि तो पिणं भाग होतं, कारण दोन्हीकडच्यांना पुढच्या हंगामात कुणाच्या तरी तिसऱ्याच्या पंगतीत शेजारी बसायचं होतं. मधल्याचं काम तिथं संपलं नाही. पुढचं स्थळ त्यानंच आणलं. जोडलेलं मोडलं तर दुसरं जोडून द्यायची त्याच्यावर वेळ यायची, नाहीतर त्याच्या शब्दाला कुणी पाणी विचारलं नसतं.

हे लिहिताना मला जुन्याचे गोडवे गायचे नाहीत. ज्या मुलीचं हे सगळं मोजलं जात होतं ती आत, धान्याच्या कोठीमागे बसली होती, आणि तिला कुणी काही विचारलं नाही. वर्ष-दीड वर्ष घरातल्या कुठल्याही हळदीला तिचा हात लावू दिला नाही. उघड कुणी म्हणायचं नाही, नेमकं तेव्हाच तिला विहिरीवर नाहीतर दुकानात पाठवायचे. ती आता निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि त्या दिवसांचा विषय निघाला की कपाट आवरायला उठते. गावाच्या साक्षीनं जोडायचं आणि गावाच्या साक्षीनं मोडायचं, यातली साक्ष तिला किती जड गेली ते ओसरीवरच्या आठ जणांपैकी एकालाही कळलं नसेल. पण त्या आठ जणांना एक करावं लागलं: यावं लागलं. पदरचं भाडं घालून, दिवस मोडून, ओशाळं होऊन समोर बसावं लागलं. कुतूहलाची काहीतरी किंमत द्यावी लागत होती.

आमच्याकडच्या जुन्या बायका स्मिता पाटीलबद्दल अजून "आपल्या शिवाजीरावांची पोर" असं बोलतात. शिरपूरचे शिवाजीराव पाटील, त्यांची मुलगी, दूरदर्शनवर बातम्या देता देता सिनेमात गेली. मी शाळेत होते तेव्हा शेजारच्या काकूंकडे सिनेमासिकं यायची, कव्हर फाटलेली, बहुधा कुठल्यातरी सलूनमधून आलेली. त्यांत तिच्या कामापेक्षा तिनं कुणाशी संसार मांडला यावर पानंच्या पानं होती, आणि त्यात तिला दोष देणारी माणसं बहुतेक करून त्याला देत नव्हती. काकू ते मोठ्यानं वाचायच्या आणि वाचून झाल्यावर म्हणायच्या, "पन पोर गुनी शे." 13 डिसेंबर 1986 ला ती गेली, बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी, वयाच्या 31 व्या वर्षी. त्या दिवशी काकूंच्या घरी चूल उशिरा पेटली. ती मासिकं मात्र त्यांनी रद्दीत दिली नाहीत, कोनाड्यात होती तिथंच राहिली, आणि मी ती नंतर पुन्हा वाचली. सगळ्यांना ठाऊक असलेल्या बाईचं दुःख वाचताना एक चोरटी गोडी असते. ती मला तेव्हाही लागली होती आणि नोव्हेंबरातल्या त्या दोन आठवड्यांतही लागली.

याउलट जळगावच्या प्रतिभाताई पाटील, पुढे राष्ट्रपती झालेल्या. 1962 मध्ये 27 व्या वर्षी आमदार झाल्या, लग्न झालं ते 1965 मध्ये. तीन वर्षं एक अविवाहित तरुणी विधानसभेत बसत होती, खानदेशातल्या गावांमधून फिरत होती, टेबल टेनिस खेळलेली, वकिली शिकलेली. त्या काळात पारावर बोलणं झालं नसेल असं मी म्हणत नाही. पण पारावरचं बोलणं पारावरच राहत होतं, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात वाचायला येत नव्हतं. आज 27 वर्षांची अविवाहित आमदार कुणाच्या शेजारी बसून भेळ खाईल तर काय होईल, हे मला नीट दिसतं.

स्मृतीचं लग्न मोडलं त्या हिवाळ्यात मी जपानच्या राजकन्या माकोची सगळी हकीकत शोधून वाचली. का, ते आता कळलं असेल. 3 सप्टेंबर 2017 ला तिचं लग्न ठरल्याचं जाहीर झालं, कॉलेजातला मित्र, वकिलीच्या कचेरीत काम करणारा साधा मुलगा. त्यांच्याकडेही आपल्या साखरपुड्यासारखा विधी असतो, नवऱ्याकडून मुलीकडे मासा, मद्य आणि कापड पाठवतात. तो मार्च 2018 मध्ये व्हायचा होता. त्याआधीच साप्ताहिकांनी मुलाच्या आईचं एक जुनं देणं उकरून काढलं. आईच्या आधीच्या होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं, आपण दिलेले सुमारे 40 लाख येन परत आले नाहीत. फेब्रुवारीत लग्न पुढे ढकललं. मुलगा कायद्याचं शिक्षण घ्यायला न्यूयॉर्कला गेला आणि तीन वर्षं जपाननं त्या दोघांच्या जागी त्या 40 लाखांशी संसार केला. सप्टेंबर 2021 मध्ये तो परतला तेव्हा केस वाढलेले, मागे शेंडीसारखे बांधलेले, आणि टोकियोच्या विमानतळावर कॅमेरे त्याच्या तोंडाकडे कमी आणि मानेमागे जास्त वळले. त्या केसांवर चर्चा झाल्या. लग्नाआधी त्यानं ते कापले. एवढ्यात राजवाड्याकडून जाहीर झालं की राजकन्येला सततच्या टीकेनं मानसिक आघाताचा आजार झाला आहे. 26 ऑक्टोबर 2021 ला लग्न झालं, विधी नाहीत, मेजवानी नाही, मासा-मद्य-कापड नाही. घराणं सोडून जाणाऱ्या राजकन्येला मिळणारी सुमारे 15 कोटी येनची रक्कम तिनं नाकारली. पत्रकारांपुढे लिहून आणलेलं वाचलं, तोंडी प्रश्न घेतले नाहीत, आणि महिन्याच्या आत दोघं न्यूयॉर्कला गेली.

वाचताना मला सारखं वाटत होतं, चार वर्षांत त्या 40 लाखांसाठी दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवून चहा पाजणारा टोपीवाला कुणी निघाला नाही. एवढं मोठं राजघराणं, एवढा मोठा देश. लाखो लोकांना त्या देण्याची तारीखवार माहिती होती, आणि त्यातल्या एकाचंही ते काम नव्हतं.

माझ्या पोटात दुखतं ते इथंच. परंपरेनं तिला छळलं आणि करिअरनं तिला सोडवलं, अशी गोष्ट रचायची मला हौस नाही. आमच्या गल्लीतल्या मुलीनं स्वतः मला सांगितलं की थोडं कमी करायला ती तयार होती, तिला मुलगा आवडला होता. सुपारी शे-दोनशे माणसांसमोर फोडतात ती उगीच नव्हे, दोघांच्या शब्दाला माणसं धरून राहावीत म्हणून. आता त्या शे-दोनशेंचे लाख-दोन लाख झाले. ते मांडवात येतात, कुंकू पाहतात, बट्टीची चव सोडून सगळ्याची चव घेतात, आणि शब्द तुटला की तुटल्याचा आवाज ऐकायला पुन्हा हजर होतात. मधल्या वेळात त्यांना कुठंही जायचं नसतं. अमळनेर ते धुळे एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या बापाशेजारची सीट रिकामी होती म्हणे. गर्दीच्या मार्गावर ती कशी रिकामी राहिली, कोण जाणे. आम्ही गल्लीतलेही त्या दिवशी घरीच होतो. आम्हाला ठाऊक होतं, तो कुठं निघालाय ते.

डिसेंबर संपायच्या आत स्मृतीच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधल्या 10,000 धावा पूर्ण झाल्या, श्रीलंकेविरुद्ध, तिरुवनंतपुरमला. मी तो सामना भांडी घासत ऐकला. बातमीखाली लोकांनी अभिनंदन केलं होतं, आणि मधूनच कुणीतरी विचारत होतं, अंगठी दिसत नाही. इतक्या लांबून, हातमोज्यांतून, त्यांना बोट दिसत होतं.

संक्रांतीनंतर आमच्या मुलीनंही काम सुरू केलं. पहिलं गाणं पुन्हा लग्नाचंच मिळालं आणि दिग्दर्शकानं ओशाळून विचारलं, चालेल ना? ती म्हणाली, मुंडावळ्या नव्या आणा, मागच्या टोचतात. आणि आता, आखाजी तोंडावर आली असताना, तिची आई परवा माझ्याकडे आली, बायोडेटा लिहून दे म्हणून. माझं मराठी चांगलं आणि घरी प्रिंटर, एवढीच माझी पात्रता. आम्ही तिघी टेबलाशी बसलो, तिचा बाप दारात चप्पल न काढता उभा. जन्मतारीख, उंची, रक्तगट, शिक्षण, कुळ, मामाचं गाव सगळं भराभर झालं. नोकरी-व्यवसाय या ओळीशी अडलं. आई म्हणाली, काही लिहू नको, समोरासमोर सांगू. मी म्हटलं, कलाकार लिहू? ती मुलगी म्हणाली, कलाकार म्हटलं की लोकांना वाटतं सध्या रिकामी आहे. शेवटी तिनंच सांगितलं ते मी टाइप केलं: अहिराणी गाण्यांत काम, लग्नानंतरही चालू राहील. आईनं ते दोनदा वाचलं आणि काही बोलली नाही. मग अपेक्षा. अपेक्षेत तिनं काय लिहायला सांगितलं ते तिचं तिच्यापाशी, मी फक्त त्यातलं शुद्धलेखन पाहिलं.

फोटो कुठला लावायचा यावर अर्धा तास गेला, कारण तिचे सगळे चांगले फोटो कुठल्या ना कुठल्या गाण्यातले. तिनं मोबाइल काढून खिडकीच्या उजेडात साधा एक काढला, चष्म्यासकट. मी तळाशी संपर्क म्हणून तिच्या बापाचा नंबर टाकायला लागले तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"माझा नको. तो आता सगळ्यांकडे गेलाय. मामाचा टाक."